श्वासाची राखण : अफझलगंजचे डॉ. एडवर्ड लॉरी

हैदराबाद शहरात मुसी नदीच्या उत्तर तीरावर अफझलगंज ही जुनी पेठ वसलेली आहे. पाचवे निजाम अफझलउद्दौला यांच्या नावावरून तिला हे नाव पडले. आज तेथे बसगाड्यांची वर्दळ असते, नजीकच राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे आणि नदीकाठावर उस्मानिया इस्पितळाचे घुमट दुरूनच नजरेत भरतात. या इस्पितळाच्या जागी पूर्वी अफझलगंज इस्पितळ होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे एका प्रश्नाचा छडा लावण्याचा जो प्रयत्न झाला, त्याकडे लंडनपासून एडिंबरोपर्यंतच्या शल्यवैद्यांचे डोळे लागले होते. भूल दिलेला रोगी टेबलावरच दगावतो, तेव्हा आधी काय थांबते, श्वास की हृदय, हा तो प्रश्न. तो धसास लावण्याचा ध्यास घेतलेल्या आणि त्यापायी कीर्ती व टीका दोन्ही पदरात पाडून घेतलेल्या अध्यापकाचे नाव डॉ. एडवर्ड लॉरी.

लॉरी यांचे वैद्यकीय शिक्षण एडिंबरो येथे झाले. १८६७ मध्ये ते पदवीधर झाले. वीस वर्षांपूर्वी, म्हणजे १८४७ च्या नोव्हेंबरात, त्याच शहरात जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मचा भूल देण्यासाठी प्रथम वापर केला होता. त्यापूर्वीची शस्त्रक्रिया म्हणजे रोग्याला चार माणसांनी दाबून धरणे आणि शल्यवैद्याने घड्याळाशी स्पर्धा करणे. क्लोरोफॉर्मने हे चित्र पालटले. रोगी शांत झोपू लागला, शल्यवैद्याच्या हाताला उसंत मिळाली. एडिंबरोचे नामांकित शल्यवैद्य जेम्स साईम यांच्या हाताखाली लॉरी यांनी उमेदवारी केली. भूल देणाऱ्याने नाडी धरून बसू नये, सारे लक्ष रोग्याच्या श्वासाकडे द्यावे, ही साईम यांची शिकवण होती. तरुण लॉरी यांच्या मनावर ती जी कोरली गेली, ती आयुष्यभर पुसली गेली नाही.

क्लोरोफॉर्मला एक काळी बाजू होती. सिम्प्सन यांच्या शोधाला तीन महिने होतात न होतात तोच, १८४८ च्या जानेवारीत, इंग्लंडच्या उत्तर भागात हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. असे मृत्यू पुढे अधूनमधून घडत राहिले. शस्त्रक्रिया किरकोळ, रोगी धडधाकट, आणि तरीही काही क्षणांत सारे संपलेले. लंडनमधील वैद्यांचा कल असे मानण्याकडे होता की, हे विष हृदयावर घाव घालते, म्हणून बोट नाडीवर हवे. एडिंबरोकडील मंडळींचे म्हणणे असे की, आधी श्वास अडतो आणि हृदय मागाहून थांबते; श्वास राखला तर रोगी राखला. वाद वरकरणी शास्त्रीय होता. प्रत्यक्षात मात्र टेबलाच्या डोक्याशी उभ्या असलेल्या माणसाने कोठे पाहावे, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि त्या एका गोष्टीवर रोग्याचे प्राण अवलंबून होते.

लॉरी यथावकाश हिंदुस्थानातील सरकारी वैद्यकीय सेवेत दाखल झाले. लाहोरच्या वैद्यकीय शाळेत शल्यशास्त्र शिकवल्यानंतर १८८५ मध्ये त्यांची नेमणूक हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन म्हणून झाली. निजामाच्या दरबारी असलेल्या ब्रिटिश रेसिडेंटच्या पदरी हा वैद्य असे. तथापि त्याचे काम रेसिडेन्सीच्या आवारापुरते नव्हते. अफझलगंजचे इस्पितळ आणि संस्थानची वैद्यकीय शाळा यांची धुराही त्याच्याकडे येई. लॉरी यांच्या हाती अशा रीतीने एकाच वेळी रुग्ण आणि विद्यार्थी दोन्ही आले. पुढील सोळा वर्षे त्यांनी येथेच काढली.

ही शाळा त्या वेळी नवी नव्हती. हिंदुस्थानात पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण देणाऱ्या आरंभीच्या संस्थांत पणजीच्या वैद्यकीय शाळेचे नाव अग्रभागी आहे. ती १८४२ मध्ये सुरू झाली. त्यानंतर चारच वर्षांनी, १८४६ मध्ये, हैदराबादच्या शाळेचा पाया घातला गेला. तिच्या जन्माची कथा मोठी रंजक सांगतात. चौथे निजाम नासिरउद्दौला मधुमेहाने आजारी होते. पोटात कोणतेही औषध द्यायचे नाही, या अटीवर त्यांनी रेसिडेन्सीचे वैद्य मॅक्लीन यांचे उपचार पत्करले. मॅक्लीन यांनी केवळ आहारावर नियंत्रण ठेवून निजामांना आराम दिला. प्रसन्न झालेल्या निजामांनी आपल्या प्रजेतील तरुणांना हीच विद्या शिकवण्यास सांगितले आणि शाळा सुरू झाली. शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. कलकत्ता आणि मुंबई येथे वैद्यकाचे उच्च शिक्षण इंग्रजीतून मिळत असताना हैदराबादचे विद्यार्थी शरीरशास्त्राचे पाठ उर्दूतून घेत होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

शाळेतून बाहेर पडलेल्यांना हकीम म्हणत. संस्थानाच्या जिल्ह्याजिल्ह्यांतील दवाखान्यांना माणसे पुरवणे हा शाळेचा मूळ हेतू. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी भाषक जिल्हे तेव्हा निजामाच्या राज्यातच होते. त्यामुळे अफझलगंजला विद्यार्थी काय शिकतो, याचा संबंध मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतल्या रुग्णांशीही पोहोचत होता. १८६६ मध्ये दिवाण पहिले सालारजंग यांच्या कारकिर्दीत अफझलगंजला इस्पितळ उभे राहिले. पुस्तकात वाचलेले रुग्णाच्या खाटेशी पडताळून पाहण्याची सोय त्यामुळे झाली.

लॉरी यांच्या काळात शाळेचे माध्यम बदलून इंग्रजी करण्यात आले. या निर्णयाला दोन बाजू होत्या. इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांत जे दर आठवड्याला छापून येई, ते वाचण्याची आणि त्यावर आपले म्हणणे मांडण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. दुसरीकडे, ज्यांना घरी इंग्रजीचा वाराही लागलेला नव्हता, अशांना शाळेचे दार अधिक जड झाले. पुढे उस्मानिया विद्यापीठाच्या काळात हैदराबादने उच्च शिक्षणासाठी पुन्हा उर्दूचा आग्रह धरला. माध्यमाचा तो प्रश्न आपल्या गोमंतकालाही अपरिचित नाही.

विद्यार्थ्यांना लॉरी यांनी काय शिकवले, असे एका वाक्यात सांगायचे तर, श्वासाकडे पाहायला शिकवले. अफझलगंजच्या शस्त्रक्रिया दालनात क्लोरोफॉर्म देण्याचे काम विद्यार्थ्यांना नित्य सरावाने शिकवले जाई. उपकरणांचा बडेजाव नव्हता. रोगी आडवा निजलेला असावा, गळ्याभोवती, छातीभोवती आणि पोटावर काहीही आवळलेले नसावे, क्लोरोफॉर्म हवेबरोबर मोकळेपणी आत जावा, श्वास क्षणभरही अडला तर औषध दूर करावे, हनुवटी वर उचलून वाट मोकळी करावी, हे त्या शिक्षणाचे धडे. शल्यवैद्य काय कापतो आहे, किती रक्त गेले, कोण पाहुणा दालनात आला, यांपैकी कशाकडेही भूल देणाऱ्याने मान वळवायची नाही. आज हे सारे सामान्य वाटते. त्या काळी अनेक नामांकित इस्पितळांत क्लोरोफॉर्मची बाटली सर्वांत कनिष्ठ सहायकाच्या हाती दिली जाई आणि त्याचे अर्धे लक्ष शल्यवैद्याच्या सुरीकडे असे. भूल देणे हे स्वतंत्र आणि पूर्ण लक्ष मागणारे काम आहे, ही जाणीव अफझलगंजच्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून दिली जात होती.

लॉरी यांच्या कारकिर्दीतील दुसरी मोठी गोष्ट म्हणजे या शाळेची दारे स्त्रियांना उघडली गेली. ज्या एडिंबरो विद्यापीठात ते शिकले, तेथे १८६९ मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक आणि त्यांच्या मैत्रिणींनी वैद्यकाच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळवला होता. त्यांच्यावर चिखलफेक झाली आणि १८७३ मध्ये न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निर्णय दिल्याने त्यांना पदवीवाचून परतावे लागले. त्या विद्यापीठाच्याच एका पदवीधराने बारा वर्षांनी हैदराबादेत स्त्रियांना वर्गात बसवले. येथील गरजही तशीच होती. पडद्यातील स्त्रिया पुरुष वैद्यापुढे येत नसत. दुखणे अंगावर काढणे किंवा दाईच्या हवाली होणे, एवढेच त्यांना ठाऊक होते. स्त्री वैद्य तयार झाल्याखेरीज संस्थानातील निम्म्या प्रजेपर्यंत नवे वैद्यक पोहोचणार नव्हते.

१८८५ च्या सुमारास ज्या पाच विद्यार्थिनी शाळेत दाखल झाल्या, त्यांत रूपाबाई फर्दूनजी या पारशी तरुणीचा समावेश होता. हा काळ मराठी वाचकांना दुसऱ्या एका नावामुळे परिचित आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकाच्या शिक्षणासाठी फिलाडेल्फियाला गेल्या, मार्च १८८६ मध्ये पदवीधर झाल्या आणि मायदेशी परतल्यावर थोड्याच महिन्यांत, १८८७ च्या फेब्रुवारीत, क्षयाने निवर्तल्या. आनंदीबाईंना जे मिळवण्यासाठी सातासमुद्रापार जावे लागले, त्याचा एक लहानसा आरंभ मुसीच्या काठी होत होता. रूपाबाई १८८९ मध्ये हकीम झाल्या आणि भूल देण्याच्या कामाला त्यांनी वाहून घेतले. जगातील आद्य स्त्री भूलतज्ज्ञांत आज त्यांची गणना होते. ज्या कौशल्यासाठी त्यांचे नाव राहिले, तेच लॉरी यांच्या शाळेचे मुख्य कौशल्य होते, हा योगायोग नव्हे.

लॉरी यांना मात्र आपल्या इस्पितळातील यशावर समाधान नव्हते. साईम यांची शिकवण बरोबर आहे, हे त्यांना जगाला सिद्ध करून दाखवायचे होते. १८८८ मध्ये सहावे निजाम महबूब अली खान यांच्या सरकारच्या आश्रयाखाली पहिला हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग नेमला गेला. कुत्र्यांना क्लोरोफॉर्म देऊन त्यांचा मृत्यू कोणत्या क्रमाने होतो, हे पाहण्यात आले. प्रत्येक वेळी श्वास आधी थांबला आणि हृदय नंतर, असा निष्कर्ष आयोगाने काढला. एवढ्या मुक्या जिवांचा बळी देऊन केलेले हे प्रयोग आजच्या वाचकाला अस्वस्थ करतील. त्या काळच्या शास्त्रज्ञांना तेच एकमेव साधन दिसत होते.

पुढच्या वर्षाच्या आरंभी वैद्यकीय शाळेचा बक्षीस समारंभ झाला. राणी व्हिक्टोरिया यांचे पुत्र, कॅनॉटचे ड्यूक, आणि डचेस त्याला उपस्थित होते. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तो वर्षातील मानाचा दिवस. लॉरी यांनी त्या व्यासपीठावरून क्लोरोफॉर्मचा विषय मांडला आणि आपल्या शाळेची पद्धत किती निर्धोक आहे, हे ठासून सांगितले. हे भाषण लंडनच्या लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात पोहोचले. लॅन्सेटला ते रुचले नाही. क्लोरोफॉर्म हृदयाला घातक नाही असे छातीठोक सांगणे धोक्याचे आहे, आणि दूरच्या संस्थानातील काही कुत्र्यांवरील प्रयोगांनी चाळीस वर्षांचा अनुभव खोटा ठरत नाही, असा त्याच्या टीकेचा रोख होता.

लॉरी यांनी माघार घेतली नाही. तुमचा माणूस पाठवा, त्याच्यादेखत प्रयोग पुन्हा करू, असे आव्हान हैदराबादहून गेले आणि त्या खर्चासाठी निजाम सरकारने एक हजार पौंड देऊ केले. दिवाण आस्मानजाह यांच्या काळातली ही घटना. लॅन्सेटने लंडनचे औषधशास्त्रज्ञ डॉ. थॉमस लॉडर ब्रंटन यांची निवड केली. हृदयविकारातील छातीच्या कळेवर अमिल नायट्राइटचा उपयोग ब्रंटन यांनीच १८६७ मध्ये दाखवून दिला होता. हृदय आणि औषधे यांच्या संबंधावर त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई आणि क्लोरोफॉर्म हृदयाला धोकादायक आहे, असेच त्यांचे तोवरचे मत होते. अशा प्रतिपक्षाच्या पंडिताला आपल्या अंगणात बोलावण्याचे धैर्य लॉरी यांनी दाखवले, ही गोष्ट त्यांच्या पारड्यात टाकली पाहिजे.

१८८९ च्या अखेरच्या महिन्यांत दुसरा आयोग बसला. लॉरी अध्यक्ष, सोबत ब्रंटन, जेराल्ड बॉम्फर्ड आणि हैदराबादच्या वैद्यकीय सेवेतील रुस्तमजी हकीम. जगातील वैद्यकाच्या एका प्रमुख वादाचा निवाडा करण्यास बसलेल्या चौघांत एक हिंदी वैद्य होता, हे त्या काळात लहान गोष्ट नव्हती. कुत्री, माकडे, शेळ्या, घोडे अशा शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. काही प्रयोगांत रक्ताच्या दाबाची नोंद ठेवणारे यंत्र जोडण्यात आले. ब्रंटन यांनी आपले मत बदलले. हृदय आधी थांबल्याचे एकही उदाहरण सापडत नाही, असे त्यांनी लंडनला तारेने कळवले. आयोगाचा अहवाल १८९० च्या आरंभी लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. ज्या साप्ताहिकाने आक्षेप घेतला, त्याच्याच पानांवर अफझलगंजची बाजू छापून आली.

हैदराबादेत याचा किती अभिमान वाटला असेल, याची कल्पना करता येते. वैद्यकाच्या पुस्तकांत एडिंबरो, लंडन, पॅरिस, व्हिएन्ना यांच्या जोडीला हैदराबादचे नाव आले. संस्थानच्या तिजोरीतील पैशाने, संस्थानच्या शाळेत, संस्थानच्या वैद्यांच्या सहभागाने झालेले हे काम होते. आयोगाच्या अहवालातील व्यवहारातील सूचना तर अफझलगंजच्या वर्गात रोज गिरवल्या जाणाऱ्या धड्यांचाच पाठ होता. रोग्याला आडवे निजवा, कपडे सैल करा, श्वासाची वाट मोकळी ठेवा, क्षणभरही नजर हलवू नका.

वाद मात्र मिटला नाही. प्रयोगशाळेतील कुत्रा आणि भेदरलेला माणूस यांत अंतर आहे, असे टीकाकारांचे म्हणणे होते. ज्यांनी आपल्या डोळ्यांदेखत रोग्याची नाडी एकाएकी बंद पडलेली पाहिली होती, त्यांना शेकडो जनावरांचे दाखले पटेनात. निजाम सरकारने पुन्हा एक हजार पौंड मंजूर केले आणि हे काम केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोअर या शरीरक्रियाशास्त्रज्ञांकडे सोपवण्यात आले. १८९३ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते हैदराबादच्या विरुद्ध गेले. क्लोरोफॉर्मचा हृदयावर थेट परिणाम होतो, असे त्यांना आढळले. निजामाच्या पैशानेच निजामाच्या आयोगाचा निष्कर्ष खोडला गेला. शास्त्राच्या दृष्टीने या दानाचे मोल पहिल्या दानापेक्षा तसूभरही कमी नव्हते.

लॉरी यांना हे मानवले नाही. आपल्या इस्पितळात हजारो रुग्णांना याच पद्धतीने भूल दिली आणि ती निर्धोक ठरली, हा त्यांचा दावा अखेरपर्यंत कायम राहिला. ज्या ठामपणाने त्यांनी ब्रंटन यांना आव्हान दिले होते, तोच ठामपणा आता हट्टाचे रूप घेऊ लागला. एखादे सत्य हाती लागले की त्याच्या कडेला असलेले दुसरे सत्य दिसेनासे व्हावे, असा हा दोष आहे. गुरूकडून आलेल्या विद्येवर निष्ठा असणे वेगळे आणि तिची मर्यादा नाकारणे वेगळे. लॉरी यांच्या आयुष्यात ही सीमारेषा पुसट झाली.

या दोषाचे दुसरे उदाहरण लवकरच समोर आले. १८९५ मध्ये रोनाल्ड रॉस हे लष्करी वैद्य शेजारच्या सिकंदराबादेत आले. फ्रान्सच्या लॅव्हरान यांनी १८८० मध्ये हिवतापाच्या रुग्णांच्या रक्तात एक जंतू पाहिला होता. तो डासांतून पसरत असावा, या अंदाजाचा माग रॉस काढत होते. लॉरी यांना हा जंतूच मान्य नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसते ते रक्तपेशीचेच बदललेले रूप आहे, असे त्यांचे मत होते. संस्थानच्या वैद्यकीय खात्याच्या प्रमुखाचे हे मत, आणि काही मैलांवर एक तरुण वैद्य डासामागून डास चिरत बसलेला. २० ऑगस्ट १८९७ रोजी रॉस यांना डासाच्या जठरात तो जंतू सापडला. १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना डोळ्यांत तेल घालून पाहायला शिकवले, त्या अध्यापकालाच शेजारी चाललेले पाहणे पटले नाही.

१९०१ मध्ये लॉरी हैदराबाद सोडून मायदेशी परतले. त्याच वर्षी त्यांचे क्लोरोफॉर्मवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. ते विद्यार्थी आणि व्यवसाय करणारे वैद्य यांच्यासाठी लिहिलेले होते. सोळा वर्षे वर्गात आणि शस्त्रक्रिया दालनात जे सांगितले, त्याचा तो गोषवारा. वाद जिंकला की हरला, याचा निर्णय भावी पिढ्यांवर सोडून त्यांनी आपला धडा कागदावर उतरवला होता.

ते गेल्यानंतर सातच वर्षांनी अफझलगंजवर आभाळ कोसळले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला. नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या, हजारो माणसे प्राणास मुकली. अफझलगंजचे इस्पितळही पुरात उद्ध्वस्त झाले. इस्पितळाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून बसलेले दीडशेच्या आसपास लोक वाचले. ते झाड आजही तेथे उभे आहे आणि त्याच्याखाली दरवर्षी पुराच्या बळींचे स्मरण केले जाते. सरोजिनी नायडू यांनी या आपत्तीत मदतकार्यात भाग घेतला. त्यांचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय आणि पती डॉ. गोविंदराजुलू नायडू हे दोघेही एडिंबरो येथे शिकलेले होते. मुसीकाठचे शहर आणि ते स्कॉटिश शहर यांच्यातले हे विद्येचे नाते लॉरी यांच्यापुरते मर्यादित नव्हते.

हेच नाते रूपाबाईंनी पुढे नेले. पुरानंतरच्या वर्षी, १९०९ मध्ये, वीस वर्षांच्या अनुभवानंतर त्या एडिंबरोला गेल्या आणि तेथे पदार्थविज्ञान व रसायन यांचा अभ्यास करून पदविका मिळवली. भूलशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम तेव्हा नव्हता. वायू, बाष्प आणि द्रव्ये यांचे ज्ञान भूल देणाऱ्याला हवे, म्हणून हा खटाटोप. प्रौढ वयात, हाताशी स्थिर काम असताना, त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. गुरूने सांगितलेले पुरेसे आहे असे मानून त्या थांबल्या नाहीत. मायदेशी परतल्यावर त्यांनी हैदराबादच्या इस्पितळांत काम सुरू ठेवले आणि १९२० मध्ये त्या चादरघाट येथील इस्पितळाच्या प्रमुख म्हणून निवृत्त झाल्या.

रूपाबाई परदेशी शिकून आल्या त्या सुमारास मूळ प्रश्नाचे उत्तरही सापडले. १९११ मध्ये लंडनचे गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मखाली हृदय खरोखरच एकाएकी बंद पडू शकते. हृदयाचे स्नायू लयबद्ध आकुंचन सोडून नुसते थरथरू लागतात आणि रक्ताभिसरण थांबते. विशेष म्हणजे हे गाढ भुलेत घडत नाही. भूल हलकी असताना, मध्येच थांबवून पुन्हा देताना, रोगी भेदरलेला असताना हा धोका सर्वाधिक असतो. हॅना ग्रीनर आणि तिच्यासारखे कित्येक जण का दगावले, याचा उलगडा त्यातून झाला. लंडनकडील मंडळींची भीती खरी होती, आणि हृदय कधीच आधी थांबत नाही हा लॉरी यांचा सिद्धांत चुकीचा होता.

तरीही लेव्ही यांच्या शोधाच्या उजेडात अफझलगंजच्या पद्धतीकडे पुन्हा पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. रोग्याला शांतपणे, सलग आणि पुरेशी भूल द्यावी, श्वासावरून नजर ढळू देऊ नये, हा तेथला परिपाठ होता. भूल अर्धवट राहू न देण्याच्या त्या दक्षतेनेच हृदयाचा धोकाही बराचसा टळत होता. सिद्धांत चुकला असला तरी सराव बरोबर होता. नाडी आणि श्वास दोन्ही पाहायला हवेत, हे शहाणपण नंतर आले; परंतु श्वासाची राखण करणारा दक्ष माणूस रोग्याच्या डोक्याशी सतत असलाच पाहिजे, हे भूलशास्त्राचे पहिले सूत्र आजही कायम आहे.

लॉरी १९१५ मध्ये निवर्तले. ज्या द्रव्यासाठी ते झगडले, ते क्लोरोफॉर्म विसाव्या शतकात मागे पडत गेले आणि अधिक सुरक्षित औषधांनी त्याची जागा घेतली. वैद्यकीय शाळेचे रूपांतर १९२० मध्ये उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयात झाले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात, वास्तुविशारद व्हिन्सेंट एश यांच्या आराखड्यानुसार, अफझलगंजला नवे भव्य इस्पितळ बांधण्यात आले. मुसीला पुन्हा असा कोप येऊ नये म्हणून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने वरच्या अंगाला उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. जुन्या इस्पितळाच्या खुणा पुराने आणि काळाने पुसून टाकल्या.

अध्यापकाचे मोजमाप त्याच्या मतांवरून करायचे की त्याने घडवलेल्या माणसांवरून, हा प्रश्न लॉरी यांच्या चरित्राशी येऊन थांबतो. मतांच्या बाबतीत इतिहासाने त्यांना दोनदा पराभूत केले. त्यांनी ज्यांना शिकवले, त्या हकिमांनी मात्र संस्थानच्या दवाखान्यांत ती दक्षता आपल्याबरोबर नेली. त्यांच्या वर्गात बसलेली एक विद्यार्थिनी गुरूच्या शिकवणीचा भक्कम आधार घेऊन त्याच्याही पुढे शिकायला गेली. आज कोणत्याही इस्पितळात शस्त्रक्रिया चालू असताना रोग्याच्या डोक्याशी एक डॉक्टर बसलेला असतो. यंत्रे कितीही असोत, त्याची नजर वारंवार रोग्याच्या छातीच्या हालचालीकडे वळते. अफझलगंजच्या त्या जुन्या वर्गात दिलेला धडा तोच होता.